जमिनीचा स्वभाव

काकीला चढ चढता येत नसे. रापणीच्या जाळ्याचा दोर ओढायला ती पुरुषांच्या बरोबरीनं उभी राही, होडी ढकलायला कमरेएवढ्या पाण्यात शिरे, तापल्या वाळूतून माशांची पाटी डोक्यावर घेऊन अनवाणी चाले. पण मालवणच्या बँकेसमोरच्या चार पायऱ्या आल्या की तिचा जीव गोळा होई. एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर आणि तोंडानं रवळनाथाचा धावा. वर पोचली की घाम पुसून मला सांगे, “चढलंय गो बाय.” मी ते पाहिलंच नव्हतं जसं काही.

यात तिचा दोष नव्हता. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिचं माहेर त्या पट्टीच्या एका टोकाला आणि सासर दुसऱ्या. लग्नाची वरातसुद्धा वाळूतूनच गेली. गावात उंच म्हणून काय, तर माड. आणि माडावर चढणं हे बायकांचं काम नव्हे. खाडीपलीकडे डोंगर दिसायचा, रोज दिसायचा, पण त्याचं-तिचं काही नातं नव्हतं. “डोंगर बगूक बरो,” ती म्हणे. “आपणाक चढाचो नाय, तर तेचो त्रास काय?” दुरून डोंगर साजरे हे आपण टोमण्यानं म्हणतो. काकी मनापासून म्हणत होती.

मी कुडाळच्याही आतली, सह्याद्रीच्या पायथ्याची. आमच्याकडे शाळेला जायचं तर एक घाटी उतरायची आणि दुसरी चढायची. देवबागच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले आणि काकीच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी माझ्याकडे खालून वर बघत तिनं विचारलं, “वरची गो तू?” वरची म्हणजे डोंगराकडची. मी हो म्हटल्यावर तिनं सुस्कारा सोडला आणि ताटात एक बांगडा जास्त वाढला. डोंगरातल्या माणसांना ताजी मासळी बघायलाही मिळत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. ती मोडण्यात माझा काहीच फायदा नव्हता, म्हणून मी मोडली नाही.

घरात ती आणि तिचा एकुलता एक मुलगा दिगू. घरामागे, समुद्राच्या बाजूला, दिगूच्या बारशाला लावलेला माड होता. दिगूची उंची मोजायची झाली की तिला तो माडच आठवे. “माड बग खंय गेलो, आणि तू बग,” असं ती त्याला खिजवायची. दिगू शाळेत असतानाच तिचा नवरा गेला. खाडीच्या मुखाशी त्याची होडी उलटली. बाकीचे होड्या घेऊन शोधत असताना काकी किनाऱ्यावर बसून राहिली होती आणि समुद्रानं त्याला घरासमोरच आणून ठेवलं. हे सांगताना तिच्या आवाजात दुःख असे, पण तक्रार नसे. “दर्या वायट न्हय गो. नेता, पण ठेवन घेणा नाय. परत हाडून टाकता.”

त्या पट्टीवर हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. कुणी बुडालं की बायका रडत नाहीत, पाण्याकडे तोंड करून बसतात. भरती येते, ओहोटी लागते आणि माणूस परत येतो, कसाही का असेना. मग रडायचं. तो येण्याआधी रडलं तर समुद्राला वाटतं, यांनी देऊन टाकला. मी डोंगराकडची, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. काकीला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं.

दिगूनं मालवणात डिप्लोमा केला होता. डोंगरी भागात रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत सर्व्हेच्या कामासाठी त्याची मुलाखत होती आणि इंग्रजी म्हटलं की त्याची बोबडी वळे. मी रोज संध्याकाळी त्याला अंगणात बसवून शब्द घोटून घेई. त्यातला एक ‘टेरेन’. हा शब्द काही केल्या त्याच्या डोक्यात राहीना. मी म्हटलं, “अरे, जमीन कशी आहे ते. चढ आहे की उतार, डोंगर की दरी, खडक की चिखल, हे सगळं मिळून टेरेन.” तो जोरजोरात मान हलवी आणि जरा वेळानं पुन्हा कोरा. काकी बाजूला बसून बांगड्यांची पोटं साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “म्हणजे जमिनीचो स्वभाव.”

“तसंच काहीसं,” मी म्हटलं.

“मगे तसा सांग मा तेका.”

शब्द होता मुलासाठी, पाठ झाला आईला. आणि हाती लागल्यावर तिनं त्याचं जे काही केलं ते कुठल्याच शब्दकोशात नव्हतं. मी शाळेतून आले की विचारी, “तुझ्या हेडमास्तराचो टेरेन आज कसो होतो?” भाकरी करपली की तव्याचा टेरेन बिघडलेला असे. धाकटा दीर शेजारीच राहायचा; तो पिऊन आला की ती मला आत बोलावून घेई, “भायर जाव नको, टेरेन खराब आसा.” एकदा बाजारात एका पर्यटक बाईनं सुरमईवरून फारच घासाघीस केली, तेव्हा काकी म्हणाली, “ओ मॅडम, हयचो टेरेन तुमका परवडाचो नाय.” बाई गोंधळली आणि मासळी घेऊन गेली. हा शब्द फक्त जमिनीसाठी असतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. “मगे आमी काय आकाशातसून पडलव?” तिनं विचारलं. मी नाद सोडला.

दिगूला नोकरी लागली. पार उत्तरेला, हिमालयात. काकीनं बॅगेत कोकमाची सोलं आणि सुके बांगडे इतके भरले की कपडे काढावे लागले. निघताना तो पाया पडला तेव्हा ती म्हणाली, “नदीक भियाव नको. पाण्याची आपणाक वळख आसा. डोंगरापासून मात्र जपून रव.” दिगू हसला. मीही हसले. ती हसली नाही.

रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. “आये, बग टेरेन!” असं ओरडून तो मोबाईल दरीवरून फिरवी. काकी डोळे घट्ट मिटून भिंतीला हात टेकी. “फिरव तो मेलो! माका घेरी येता!” मग तो स्वतःचं तोंड दाखवी, आणि ती डोळे उघडून विचारी, “जेवलंस काय रे?” दर रविवारी हेच. ती डोळे मिटणार हे त्याला माहीत असे आणि तो फिरवणार हे तिला.

त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात दरड आली.

फोन आला तेव्हा काकी सुकत घातलेली मासळी पडवीत ओढत होती. सर येऊ घातली होती. पलीकडचा माणूस हिंदीत बोलतोय म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. माणूस वाईट नव्हता, त्याचाच आवाज फुटत होता. रस्त्याच्या कामावरचे काही जण सकाळी मातीखाली गेले होते, दिगू त्यांच्यात होता, शोध सुरू होता. हे मी काकीला कोणत्या शब्दांत सांगितलं ते मला आज आठवत नाही. तिनं ऐकलं. उरलेली मासळी आत घेतली, हात धुतले आणि फोन समोर ठेवून पडवीत बसली. शेजारणींनी येऊन हंबरडा फोडला तशी तिनं त्यांना गप्प केलं. “कोणी रडाचा नाय. अजून इलो नाय तो.”

बाकीच्यांपैकी काही जण सापडले. दिगू सापडला नाही. मग एक दिवस त्याच माणसाचा फोन आला आणि काकीनं मला स्पीकर लावायला सांगितलं. “माताजी, टेरेन बहुत खराब है,” तो म्हणाला. “ऊपर से फिर गिर रहा है. अब और नहीं खोद सकते.” हिंदी तिला पुरती कळली नसेल, पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “टेरेन म्हणता तो. माका म्हायत आसा तो शब्द.” त्या परक्या माणसानं तो शब्द तोंडात घ्यावा याचा मला भयंकर राग आला. राग अगदी अन्यायाचा होता, पण आला.

काकी रागावली नाही. “घाय नको म्हणान सांग तेका,” ती म्हणाली. “खणूक कित्याक व्हया? येळ झालो काय आपणच देतलो.”

“कोण देतलो, काकी?”

“डोंगर.”

मी फोन बंद केला. बाई समुद्राचा नियम डोंगराला लावून बसली होती, आणि तिच्या आयुष्यात तो नियम कधी खोटा ठरला नव्हता. त्या दिवसापासून ती पडवीत बसली ती बसलीच. जेवायला उठे, पाणी भरायला उठे, पुन्हा येऊन बसे. मी शाळेतून आले की एकच प्रश्न. “बाई, तू वरची. डोंगराक भरती कधी येता गो?”

मी वह्यांचा गठ्ठा घेऊन आत जायची.

चतुर्थी जवळ आली. आमच्या कोकणात चतुर्थी म्हणजे काय ते सांगायला नको. भावकीचा गणपती एकच, काकीच्या दिराच्या घरी. दिगू गेला हे सगळ्यांना कळून चुकलं होतं; पण काकी काहीच करू देत नव्हती. विधी नाही म्हणून सुतक नाही, आणि सुतकच धरलं नाही तर ते फिटणार कधी? अशा लटकलेल्या घरात गणपती आणायचा कसा? शरीर मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, असं भटजींनी सांगितलं होतं. दीर आधी समजुतीनं बोलला, मग आवाज चढवून.

“वयनी, दिगू आमचो पण झील. असो अर्ध्यार ठेवतलंस तेका?”

“अर्ध्यार नाय, भावजी. येवच्या वाटेर आसा तो. आज जाळलास तर उद्या येवन उभो रवतलो खंय?”

दीर उठून घरामागे गेला आणि दिगूच्या माडाला टेकून रडला. त्या माणसात बाटलीच्या पलीकडे काही असेल, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. काकीला म्हटलं, “चल, डोंगर बगून येवया.” तिनं कुठला, कशाला, काही विचारलं नाही. पदर खोचून उभी राहिली.

होडीनं खाडी ओलांडली. पलीकडची पायवाट पावसानं शेवाळली होती. पहिल्याच चढाला ती थांबली आणि मला वाटलं, आता परत फिरते. तिनं खाली वाकून दोन्ही हात जमिनीला टेकले. तशीच, हातापायांवर, ती चढायला लागली. रवळनाथाचं नाव नाही, माझा खांदा नाही. मध्येच थांबून जांभ्या दगडाला हात लावून बघे. “घट आसा गो ह्यो,” ती म्हणाली. “हलणा नाय.” जन्मभर पायाखालून सरकणारी वाळू बघितलेल्या बाईला त्याचंच नवल वाटत होतं, आणि मला वाटतं, थोडी आशाही. इतका घट्ट आहे तर सांभाळून ठेवेल.

अर्ध्या वाटेवर एक कडा त्याच पावसाळ्यात खाली आला होता. लाल मातीचा नुसता ढीग, आणि त्यात एक काजूचं झाड उलटं, मुळं आभाळाकडे. काकी त्याच्यासमोर बसली.

“ह्यां परत जाग्यार कधी जातला?”

“जाणा नाय, काकी.”

“आणि हेच्या खाली कोण आसलो तर?”

आता टाळायला जागा नव्हती. मी तिला आमच्या शेजारच्या गोठ्याची गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी एका पावसाळ्यात गोठ्यावर डोंगर आला. म्हशी होत्या, रेडकू होतं. माणसांनी खणून पाहिलं आणि मग खणणं सोडलं. त्या जागेवर आता करवंदांची जाळी आहे, मे महिन्यात मुलं तिथे करवंदं खायला जातात. म्हशी अजून तिथेच आहेत. “डोंगर परत देणा नाय, काकी,” मी म्हटलं. “नेता ता ठेवता.”

तिनं ढिगातली माती मुठीत घेतली, तिचा वास घेतला आणि मूठ तशीच मिटून ठेवली. “म्हणजे हेचो स्वभाव असो,” ती म्हणाली. आणि तिथे, चिखलात बसून, काकी रडली. दिगू गेल्यापासून पहिल्यांदा. इतके दिवस आवरून धरलेलं ते रडणं ऐकवत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. एवढ्या रडण्याला माझा हात कुठे पुरणार होता? मी लांब एका दगडावर बसून राहिले आणि खाली बघत राहिले.

उतरताना ती बसूनच घसरत आली. एका वळणावर झाडी विरळ झाली आणि खाली देवबागची पट्टी दिसली, दोन पाण्यांच्या मध्ये. काकी थांबली. “ह्यां आमचा? इतक्याशा?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. “भावजीक सांग,” ती म्हणाली, “काय तां करा म्हणान.”

पुतळ्याचं डोकं नारळाचं करतात. तो नारळ काकीनं दिगूच्या माडाचा काढवून दिला. अग्नी समोरच्या किनाऱ्यावर दिराच्या हातून दिला गेला. काकी फाटकातून बघत होती, मी तिच्या शेजारी. दर्भच तो, भुरकन पेटला आणि विझला. “गवात तां,” ती म्हणाली. “गवताक कितको येळ लागता?” सुतक फिटलं, भावकीचा गणपती आला. काकी आरतीला गेली नाही, पण मोदकांसाठी नारळ तिनंच खवून पाठवले.

त्यानंतर तिच्या तोंडून ‘टेरेन’ मी ऐकला नाही. भाकरी करपली तर नुसती करपलेली असे. दीर पिऊन आला तर पिऊन आलेला असे. मला त्या शब्दाची इतकी सवय झाली होती की घर मुकं वाटायला लागलं. मी एकदा मुद्दाम म्हटलं, “काकी, हेडमास्तरांचो टेरेन आज लय वायट होतो.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि ताट पुढे सरकवलं. पुन्हा मी ते धाडस केलं नाही.

पुढे मला घराजवळच्या शाळेत जागा मिळाली आणि मी कुडाळकडे परत आले. निघताना तिनं पिशवीभर सुकी मासळी दिली. वरच्या माणसांना काही मिळत नाही, ही समजूत कायम होती. फोन होत राहिले. दर पावसाळ्यात समुद्र घराकडे सरकत होता, ते ती पाहुणा जवळ आल्यासारखं सांगे. “आता न्हाणीच्या मागे इलो.” मी तिला आमच्याकडे बोलावलं. “तुझ्या थंय चढ आसा,” एवढंच म्हणून तिनं विषय संपवला.

मग एका उधाणात तिचा फोन आला. “बाई, दिगूचो माड गेलो. पडलो आणि ओढून नेल्यान.” उद्याच येते, असं मी म्हटलं. “आताच येव नको,” ती म्हणाली. “मी किनाऱ्यार बसलंय.”

रविवारी गेले तेव्हा माड अंगणात होता. समुद्रानं तो घरासमोरच आणून टाकला होता, मुळांसकट; शेंडा तेवढा तुटला होता. दीर आणि वाडीतल्या माणसांनी तो वर ओढून घेतला होता. होडीत चढायला धक्क्याशी हा ओंडका टाकूया, असं कुणीतरी म्हणालं, पण काकीनं हात लावू दिला नव्हता. ती त्याच्या शेजारी वाळूत बसली होती. मला बघून तिचा चेहरा सैल झाला. तसा तो दिगू गेल्यापासून झाला नव्हता.

“बगलंस? दर्यान दिल्यान.” तिनं ओंडक्यावरची वाळू झटकली. “आता ह्येका सुकाक ठेवतंय. माका पेटवतले तेवा ह्येका माझ्या वांगडा चितेर घाला. माझ्या झिलाक आग मिळूक नाय गो.”

असं काहीबाही बोलू नये, असं मी म्हटलं. दुसरं काय म्हणतात?

माड सुकायला फार वेळ लागतो. काकीनं तेवढा वेळ काढला. दिराकडून ओंडक्याचे तुकडे करून घेतले आणि सुकट पालटावी तसे ते रोज उन्हात पालटत राहिली. पाऊस आला की त्यांच्यावर प्लास्टिक ओढी आणि मग स्वतः आत जाई. गेल्या मार्गशीर्षात तिच्या छातीत दुखायला लागलं. मालवणला नेईपर्यंत संपलं.

मी पोचले तेव्हा तयारी झाली होती. दीर त्या दिवशी प्यायलेला नव्हता आणि काही विसरलाही नव्हता. तिरडी पुढे निघाली. मागे वाडीतली माणसं खांद्यावर माडाचे तुकडे घेऊन. सुकले तरी ते जड होते, माणसांना मध्येमध्ये खाली ठेवावे लागत होते. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. तिरडी मात्र कुठे थांबली नाही. घरापासून मसणवटीपर्यंत सगळी वाळूच. वाटेत तिला कुठेही चढ लागला नाही.